सुनेच्या हातावरची हळद

पद्माक्का मगदूमला फसवून कुणी सुखानं घरी गेलाय, असं सांगलीच्या हळदबाजारात कधी घडलं नव्हतं. शाळा तिसरीत सुटली, नवरा ऐन उमेदीत गेला, दीर वाटणी मागायला दारात आले. तिनं दिरांना चहा पाजला, हिशेब दाखवला आणि ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत धाडलं. त्यानंतर मार्केट यार्डातला माणूस तिच्याशी बोलताना आधी आवाज खाली घ्यायचा, मग तोंड उघडायचा.

खाली गोदाम, वर घर. खाली राजापुरी हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, वर पद्माक्का, तिचा एकुलता मुलगा अभिनंदन आणि सून ऋजुता. दळून डब्यात भरलेली 'पद्मा हळद' जर्मनीपर्यंत जायची. आणि तिथूनच एके दिवशी अख्खा कंटेनर परत आला. हळदीत पिवळा रंग आणि तांदळाचं पीठ सापडलं होतं.

पद्माक्कानं डबा फोडला, बोटानं पूड चोळली आणि डबा टेबलावर आपटला.

"माझी न्हाई ही. डबा माझा, नाव माझं, आतली घाण कुणाची तरी दुसऱ्याची हाय. वाटेत कोणतरी माझ्या नावाला हात घालतंय. हुडका त्याला."

हुडकायचं कसं, याचा उपाय अभिनंदननं आणला. तो पुण्याहून राजस देगवेकर नावाच्या एका पोराला घेऊन आला. इस्त्रीचा सदरा, हातात लहान पेटी, आणि बोलताना दर वाक्याला 'बेसिकली'. त्याच्या कंपनीच्या यंत्रणेचं नाव होतं 'सत्यकण'.

"नावच एवढं मोठं, तर आत काय असंल ते सांग. आणि मला कळंल असं सांग. मी कॉलेजात गेल्ती ती कँटीनला हळद पोचवायला," पद्माक्का म्हणाली.

राजस हसला आणि सरळ झाला. सांगितलं मात्र त्यानं नीट. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. चार तऱ्हेचे मणी ओवलेली माळच समजा. मण्यांचा क्रम बदलला की जीव बदलतो. राजसची कंपनी प्रयोगशाळेत अशा आखूड माळा स्वतः ओवायची. त्या कुठल्याच जिवाच्या नसत, नुसती खूण. प्रत्येक माळ काचेच्या कवचात बंद करायची, आणि ते कवच इतकं बारीक की पिठाचा कण त्याच्यापुढं डोंगर. हळदीच्या प्रत्येक लॉटवर वेगळ्या माळेचा फवारा मारायचा. मग ती हळद उकळा, दळा, पाण्यात कालवा. खूण जात नाही, चव बदलत नाही, पोटाला त्रास नाही.

"आणि ती वाचायची कशी?"

"पेटीत कवच विरघळतं आणि माळेच्या नकला निघतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. चहा होईपर्यंत एका कणाचे अब्जावधी होतात. म्हणून एकच कण पुरतो."

"म्हंजे एक कण काय नि एक पोतं काय, तुझ्या पेटीला सारखंच?"

"तीच तर खुबी आहे, आक्का! लपायला जागाच राहत नाही."

पद्माक्काला ते फार आवडलं. तिनं करार वाचून घेतला, म्हणजे ऋजुतानं वाचला आणि तिनं ऐकला. तिसऱ्या पानावर ऋजुता अडखळली. "आक्का, यात लिहिलंय की यंत्रणेचा निष्कर्ष माल घेणाऱ्यावर, विमा कंपनीवर आणि आपल्यावर बंधनकारक. आपलं म्हणणं ऐकायची सोय कुठं दिसत नाही."

"चोराला म्हणणं असतंय. आपल्याला कशाला लागतंय?" म्हणून पद्माक्कानं सही ठोकली. तिची सही म्हणजे मोजकी अक्षरं, पण दगडावर कोरल्यासारखी.

गोदामाच्या दाराशी एक खोका बसला. आत जाताना, बाहेर येताना प्रत्येकानं त्यात दोन्ही हात घालायचे. हवेचा झोत यायचा, हातांवरची धूळ पेटीत जायची, आणि कुणी कुठल्या लॉटला हात लावला ते पडद्यावर उमटायचं. हिशेब जुळला तर दार उघडायचं. पद्माक्कानं त्याचं बारसं केलं: हुंग्या. हळद भरणाऱ्या बायकाही तेच म्हणू लागल्या. "चला गं, हुंग्याला हात हुंगवून या."

हुंग्यानं पहिल्याच महिन्यात कमाल केली. बंदराकडं जाणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर परत आला आणि त्याच्या हातांवर अशा लॉटची खूण निघाली जो सीलबंद गेला होता. सील न फोडता हात लागेल कसा? पुढं धागा ओढत गेल्यावर महामार्गालगतची एक पत्र्याची शेड निघाली, तिथं डबे उघडून भेसळ करणारी अख्खी टोळी निघाली, आणि आपल्याच ऑफिसातला गोडबोल्या कारकून निघाला. कारकून पाया पडायला आला तेव्हा पद्माक्का म्हणाली, "पाय सोड. तुझे हात हुंग्यानं सोडले न्हाईत, मी पाय कशाला सोडू?" आठवडाभर यार्डात हेच चघळलं गेलं. जर्मनीची मागणी दुप्पट झाली. शेतकऱ्यांना भाव चढा मिळाला, भरणाऱ्या बायका वाढल्या. शेजारच्या गल्लीतल्या शेट्यांनी, म्हणजे पद्माक्काच्या खानदानी प्रतिस्पर्ध्यांनीही, मुकाट्यानं सत्यकण बसवून घेतलं.

"शेट्याला अक्कल माझ्या मागनंच येती," पद्माक्का म्हणाली.

मग संक्रांत आली, आणि संक्रांतीमागून रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवं आली.

मगदुमांच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे आणि कंगवे वाण म्हणून मिळत नसत. तिथं ओटीत पाच हळकुंडं पडायची, आणि ती त्या वर्षाच्या पहिल्या प्रतीची. आधी ओटीला, मग विकायला, हा पद्माक्काच्या सासूपासूनचा शिरस्ता. ती हळकुंडं कुणी कधी मोजली नाहीत आणि कुठं लिहिलीही नाहीत. सवाष्णीच्या ओटीची नोंद करायची म्हणजे काय, देवाला पावती फाडायची?

"सतरा नंबरच्या लॉटमधनं सूपभर घेऊन ये," तिनं ऋजुताला सांगितलं. सतरा नंबर हरिपूरच्या जमिनीतल्या पेवात मुरलेला, जर्मनीसाठी राखलेला. लॉटचे नमुने काढायचं काम ऋजुताचंच, त्यामुळं तिच्या हातांवर सतराची खूण असणं हुंग्याला खटकलं नाही. तिनं वरून एक सूप आणून भरलं आणि आतल्या जिन्यानं घरात नेलं. आतल्या जिन्याला खोका नव्हता. घरात जायला कुणी हुंगून घेतंय का?

संध्याकाळी बायका जमल्या. गजरे, पेढे, एकमेकींच्या साड्यांना हात लावून किमती विचारणं. शेट्यांची लीलावती नेहमीप्रमाणं सगळ्यांत आधी आली. नवरे बाजारात एकमेकांचे गळे धरोत, बायकांचं जाणं-येणं तीन पिढ्या मोडलं नव्हतं.

ऋजुता करंडा घेऊन पद्माक्काजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आक्का, या वर्षी तुम्ही लावा की. घर तुमचं, मान तुमचा. आता कोण मानतं ते?"

पद्माक्का विधवा. सोळा गावांना दरडावणारी बाई, पण नवरा गेल्यापासून तिनं हळदीकुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. इतरांनी सांगितलं म्हणून नव्हे. तिनं स्वतःच स्वतःला घालून घेतलेलं कुंपण होतं ते, आणि स्वतःचा शब्द मोडणं तिला ठाऊक नव्हतं.

"शहाणपणा नको. या घरची सवाशीण तू हाईस. हात तुझा लागला पाहिजे," ती म्हणाली.

हात ऋजुताचा लागला. सगळ्यांच्या कपाळाला, सगळ्यांच्या ओटीत. आणि दोन दिवसांनी रीतीप्रमाणं ऋजुता शेट्यांकडं गेली, तिथं लीलावतीनं तिला त्यांच्या घरची हळद लावली.

होळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी हुंग्यानं ऋजुतासाठी दार उघडलं नाही.

पडदा लाल झाला. मागं रांगेत हळद भरणाऱ्या बायका. ऋजुतानं हात पुसून पुन्हा घातले. पुन्हा लाल. दुपारपर्यंत राजस पुण्याहून हजर झाला. या वेळी 'बेसिकली' एकदाही आलं नाही. दोन्ही घरांच्या खुणांच्या याद्या कंपनीनं याच आठवड्यात एकमेकींशी जोडल्या होत्या, तोवर हुंग्याला शेट्यांची खूण ओळखताच येत नव्हती. शेट्यांच्या गिरणीतल्या तयार पुडीत मगदुमांच्या सतरा नंबरची खूण सापडली होती. एका पाकिटात नव्हे, दिवसभराच्या सगळ्या मालात. आणि ऋजुताच्या हातांवर, तिच्या कामाच्या ओढणीवर शेट्यांच्या लॉटची खूण होती. यंत्रणेनं दोन टोकं जोडली. सतराला हात लावणारी एकच व्यक्ती. त्याच व्यक्तीवर शेट्यांची धूळ. निष्कर्ष: निर्यातीचा राखीव माल ऋजुता मगदूमनं प्रतिस्पर्ध्याला पोचवला.

"आक्का, हे चुकीचं आहे," ऋजुता म्हणाली.

हुंग्या तोवर एकदाही चुकला नव्हता. ड्रायव्हरही 'चुकीचं आहे' म्हणाला होता, कारकूनही म्हणाला होता. पद्माक्का सुनेकडं वळली. अंगणात चाळीसएक बायका हातातलं काम सोडून उभ्या होत्या, आणि तिच्या तोंडातून ते निघून गेलं.

"शेट्याच्या गिरणीत तुझं काय काम होतं गं?"

तिनं ते विचारलं तशी ऋजुताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रडली नाही. आवाजही चढवला नाही.

"गिरणीत नाही गेले. हळदीकुंकवाला गेले होते, तुम्हीच पाठवलंत. आणि सतरा नंबर तुम्ही सांगितला म्हणून ओटीत घातला." एवढं बोलून ती बाहेरच्या जिन्यानं वर निघून गेली.

पद्माक्कानं बायकांना कामाला लावलं आणि पायात चपला सरकवल्या.

त्याच दुपारी ती शेट्यांच्या घरी गेली. लीलावतीनं पाट मांडला, पाणी दिलं, आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं. ओटीतली हळकुंडं तिनं नेहमीप्रमाणं आपल्याच गिरणीच्या तोंडात टाकली होती. घरची हळद तिथंच दळायची, दरसालची रीत. पाच हळकुंडांची पूड दिवसभराच्या मालात मिसळली, आणि पेटीला सगळा माल मगदुमांचा दिसला.

"मग चल आणि सांग की त्या पोराला," पद्माक्का म्हणाली.

लीलावतीनं पदर बोटाला गुंडाळला. "सांगितलं तर आमच्या मालात नोंद नसलेली हळद मिसळली, असं होतंय, आक्का. आमचाच परवाना अडकतो. तोंड उघडायचं न्हाई, असं यांनी घरात स्पष्ट सांगितलंय. आमच्या दोन सुना हायत, उद्या त्यांच्यावर आलं तर? तुमच्या ऋजुताचं तोंड डोळ्यांपुढनं हलत न्हाई माझ्या. पण मी न्हाई येणार."

दुसरी कुणी असती तर पद्माक्कानं तिला बोलण्यानं सोलून काढलं असतं. त्या दिवशी ती पाटावरून उठली आणि चालू लागली.

तिनं राजसला गाठलं. "लिही. हळकुंडं मी काढायला लावली. हात सुनेचा, हुकूम माझा. चोर म्हणायचं तर मला म्हण."

राजसनं लिहून घेतलं. पोरगं वाईट नव्हतं. डोळे वर करत नव्हतं एवढंच. पेटीनं ते विधान गिळलं आणि उत्तर आलं: मालकानं राखीव लॉटमधून नोंद न करता माल काढल्याची कबुली, एकाच घरातल्या दोन व्यक्तींचा सहभाग, जोखीम वाढली.

"अरे, वाढली? मी खरं सांगितलं तर वाढली?"

"आक्का, माणसाचा शब्द पुरावा धरायचा नाही, यावरच ही यंत्रणा उभी आहे. भेसळ करणारेही शब्दच देतात. घरच्यांनी घरच्यांना वाचवायला दिलेली कबुली तर ती आधीच ओळखते."

"पाच हळकुंडं होती रं बाबा. पाच."

"पेटीला आहे की नाही एवढंच कळतं, आक्का. किती, ते नकला काढताना हरवतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "मी तेव्हा खूश होऊन उत्तर दिलं."

"मग तुझी पेटीच उचल. करार मोडला मी."

ते जमण्यासारखं असतं तर राजसनं त्याच दिवशी पेटी नेली असती. पण गोदामातला सगळा माल फवारलेला होता. करार मोडला की त्या खुणांना कुणी जामीन राहणार नव्हतं, आणि जामीन नसलेली खूणवाली हळद कुठल्याच देशात, कुठल्याच बाजारात कुणी घेणार नव्हतं. दीडशे शेतकऱ्यांची वर्षाची कमाई त्या थप्प्यांत होती. आणि एवढं करूनही ऋजुताच्या नावापुढचा लाल शेरा जाणार नव्हता. तो आता मगदुमांच्या हातात नव्हता, राजसच्याही नव्हता. बँका, विमा कंपन्या, निर्यातदार, सगळ्यांच्या यंत्रणा एकमेकींना विचारून दार उघडत होत्या.

शेऱ्याचा अर्थ हळूहळू कळत गेला. आतल्या जिन्याला कुलूप लागलं आणि ऋजुताला गोदामात पाऊल टाकता येईना. मग तिच्या कपड्यांवर, केसांवर, उशीवर असलेल्या शेट्यांच्या खुणा अभिनंदनच्या हातांवर येऊ लागल्या आणि दार त्याच्यासाठीही उघडेना. कपडे जाळले, गाद्या बदलल्या, भिंती धुतल्या. काचेच्या कवचातली खूण. ती जाते कुठं? सकाळी बायकोच्या हातचा डबा घेतला की दुपारी पडदा लाल. अभिनंदन मुकाट्यानं डबा घरीच ठेवू लागला. मग वेगळ्या खोलीत झोपू लागला. एकदा जिन्यात ऋजुताचा पाय घसरला, त्यानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. ती कठड्याला धरून सावरली. पद्माक्कानं ते खालून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुतानं बॅग भरली होती.

"मी विश्रामबागेत खोली बघितलीय. ट्युशन घेईन. मुलांना गणित शिकवायला हात हुंगावे लागत नाहीत," ती म्हणाली.

"कुठं जायचं न्हाई. घर माझं हाय. मी बघती कोण तुला काढतंय ते," पद्माक्का म्हणाली. पण म्हणताना तिलाच जाणवलं की समोर कुणी उभंच नाही. दिरांना धाडलं होतं, कारकुनाला धाडलं होतं. कारण ते दारात येऊन उभे राहिले होते. इथं दारच तेवढं होतं.

"आक्का, कुणी काढत नाहीये," ऋजुता म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी अंगणात विचारलंत ना, तेव्हाच मी अर्धी गेले होते. उरलेली आज जातेय."

पद्माक्कानं तोंड उघडलं. माफी मागायची पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती, आणि तिनं शिकून घेतली नव्हती. "जेवून तरी जा," एवढंच ती म्हणाली. ऋजुता जेवून गेली.

महिना गेला असेल. अभिनंदन फोनवर बायकोशी बोलायचा. रविवारी तिला भेटायला बागेत जायचा आणि दोघं बाकाच्या दोन टोकांना बसून यायचे. पद्माक्का सौद्याला जायची, दर पुकारायची, कुणाची तरी खोडी काढायची, लोक हसायचे. तिचं तिलाच ते हसू परक्याच्या घरातून आल्यासारखं वाटायचं.

शेवटी ती रिक्षा करून विश्रामबागेत गेली. तिसरा मजला. जिन्यात दोनदा थांबली. ऋजुतानं दार उघडलं, आणि आत या म्हणायच्या आधी वाटेतून बाजूला सरकली, पद्माक्काचा पदर आपल्याला लागू नये इतकी. खोली लहान होती, नीटनेटकी. फळ्यावर कुणातरी मुलाचं अर्धं सोडवलेलं गणित होतं. एक प्लॅस्टिकची नवी खुर्ची कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवली होती. ऋजुतानं कागद पायानं बाजूला केला.

"यावर बसा. ही मी वापरत नाही. अभिनंदन कधी वर आला तर त्याच्यासाठी आणलीय."

"आला का?"

"अजून नाही."

पद्माक्का बसली. ऋजुतानं खाली फोन केला, आणि टपरीवरचा माणूस कागदी कपात एक चहा घेऊन आला. त्यानंच तो पद्माक्काच्या हातात दिला. "माझ्या घरचा कप नको, आक्का. उद्या सोमवार आहे. तुमचा सौदा असतो," ऋजुता म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला पद्माक्काकडं उत्तर होतं.

पद्माक्का स्वतः नवीन लग्न होऊन आली तेव्हा महिन्याचे चार दिवस तिला मागच्या पडवीत बसवत, आणि सासू चहाचा पेला लांब जमिनीवर ठेवून मागं सरायची. तो पेला तिनं एकदा भिंतीवर फेकून मारला होता आणि त्यानंतर त्या घरातली पडवी कायमची बंद झाली होती. आज कप कुणावर फेकायचा?

"वाळलीस गं," ती म्हणाली.

"तुम्हीपण."

"मी म्हातारी हाय, मला शोभतंय."

ऋजुता जराशी हसली. इतक्या दिवसांनी ते हसू पाहून पद्माक्काचा हात आपोआप पुढं गेला, सुनेच्या हनुवटीकडं. पोचायला वीतभर अंतर राहिलं होतं. सकाळी दार उघडलं नाही तर सतरा नंबरचा कंटेनर अडेल, शेतकरी यार्डात ताटकळतील, बायकांचा रोज बुडेल. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि हात हवेत थांबला. ऋजुतानं तो थांबलेला पाहिला. पद्माक्कानं हात परत मांडीवर घेतला.

तिनं कागदी कपातला चहा संपवला.

"चूक माझी होती," पद्माक्का शेवटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि म्हणून बघितल्यावर तिला कळलं की त्यानं काहीच हललं नाही. "अंगणात विचारायला नको होतं."

"हो," ऋजुता म्हणाली. "नको होतं." मग म्हणाली, "आलात, बरं वाटलं."

निघताना ऋजुतानं बाथरूमचं दार कोपरानं ढकललं.

"हात धुवून जा, आक्का. साबण नवा आहे, वेष्टनातच आहे. खुर्चीला लागले असतील."

पद्माक्कानं साबणाचं वेष्टन फाडलं. नळ सोडला, आणि सुनेला कुठंही न शिवलेले हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले.